माकडांच्या टोळीत राजा कोण?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात शिक्षकाने बोलायचे म्हटले की शिस्त, वेळेचा सदुपयोग, शिक्षणाचे महत्त्व हे विषय ठरलेले असतात. मी आज माकडांवर बोलणार आहे. मागच्या रांगेतील मुले हसली, ते मला येथून दिसले. हसा, हरकत नाही. परंतु या माकडांच्या निमित्ताने माझ्या हातून शिक्षक म्हणून एक चूक झाली आहे. तिची कबुली आपल्यासमोर द्यावी आणि त्या चुकीतून जे शिकलो तेही सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे एक जुना वड आहे आणि त्याला लागून चिकूची वाडी. डहाणू-तलासरी पट्ट्यातील मुलांना वानरे नवी नाहीत. त्या वडावर वानरांची एक टोळी नेहमी येई. एक मोठा हुप्प्या, दहा-बारा माद्या आणि त्यांची पिल्ले. एके दिवशी कोठून तरी चार-पाच नर आले. आठवडाभर वडावर नुसता धुमाकूळ चालला. मग जुना हुप्प्या दिसेनासा झाला आणि आलेल्यांपैकी एकच नर टोळीत राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन पिल्ले नाहीशी झाली, आणि तिसरे पिल्लू एका मादीच्या हातात मेलेले दिसले. तिने ते तीन दिवस छातीशी धरून ठेवले होते.

त्या वर्षी शास्त्राच्या शिक्षकांची जागा रिकामी असल्याने नववीचा तो तास माझ्याकडे होता. मी बी.ए. मराठीचा माणूस. एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, त्या नव्या हुप्प्यानं पिल्लाला का मारलं? आणि मेलेलं पिल्लू ती टाकून का देत नाही?" मी म्हणालो, "अगं, जनावर ते. त्याला काय कळतं? पिसाळलं असेल." आणि फळ्याकडे वळलो. मुलगी खाली बसली. माझी चूक ती हीच.

आठ दिवसांनी एक पालक भेटायला आले. चांगले, साधे गृहस्थ. म्हणाले, "सर, मुलं घरी येऊन नर-मादीच्या गोष्टी करतात. दादीसमोर विचारतात. हे शाळेत शिकवायचं असतं का?" मी त्यांची कशीबशी समजूत घातली. रात्री विचार करताना लक्षात आले की मी मुलीला दिलेले उत्तर आणि या गृहस्थांचा प्रश्न एकाच जागेवरून आले होते. आम्हा दोघांनाही त्या वडावर काय घडले ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही म्हणून विषयच मिटवून टाकावा असे दोघांनाही वाटत होते.

उत्तर मात्र आमच्या शाळेच्या कपाटात होते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' ही कादंबरी 1982 साली प्रसिद्ध झाली आणि 1983 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्या, त्यांच्यातील झुंजी आणि एका नराच्या जागी दुसऱ्याचे येणे हाच तिचा विषय. मराठीच्या शिक्षकाने ती पुन्हा वाचली तेव्हा वडावरचा सगळा प्रकार त्याला ओळखीचा वाटू लागला. मग मी त्या कादंबरीमागच्या शास्त्राकडे वळलो.

आधी आपल्या भागातील मंडळींची ओळख करून घेऊ. काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर. ते मुख्यतः पाला खाते आणि तो पचविण्यासाठी त्याच्या पोटात गुरांच्या पोटासारखे कप्पे असतात. दुसरे ते आपले साधे माकड. त्याच्या डोक्यावर केसांचा भोवरा टोपीसारखा बसलेला असतो, म्हणून त्याला टोपी माकड म्हणतात. गालांच्या आत पिशव्या असल्याने ते पळता पळता खाणे तोंडात भरून घेते. हे टोपी माकड फक्त दक्षिण भारतात आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या भागात सापडते, जगात दुसरीकडे कोठेही नाही. उत्तर भारतात दिसणारे आखूड शेपटीचे, मागच्या बाजूला तांबूस असणारे माकड निराळे. या दोन जातींची सीमा पश्चिमेकडे पूर्वापार तापी नदी मानली जाई. आता ते उत्तरेकडचे माकड दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपी माकडाची जागा घेत आहे, असे अभ्यासकांनी 2011 साली दाखवून दिले आहे. तेव्हा "माकडे सगळी सारखीच" असे म्हणू नये. त्यांच्या जाती वेगळ्या, आणि त्यांची घरे चालविण्याच्या रीतीही वेगळ्या.

प्रथम वानराची रीत पाहू. धारवाडच्या परिसरात 1961 ते 1963 या काळात युकिमारू सुगियामा नावाचे जपानी शास्त्रज्ञ वानरांच्या टोळ्यांमागे फिरत होते. धारवाड आपल्याला परके नाही. तेथे त्यांना दिसले की पुष्कळ टोळ्यांत प्रौढ नर एकच असतो, आणि ज्या नरांना टोळी नाही ते आपला निराळा जथा करून हिंडतात. 1962 साली अशा एका जथ्याने एका टोळीवर हल्ला केला. तेथील नराला हुसकावले, मग त्यांच्यातीलच एकाने आपल्या सोबत्यांना हाकलून टोळी ताब्यात घेतली, आणि त्यानंतर टोळीतील पिल्ले एकेक करून चाव्यांना बळी पडली. वडावर आम्ही पाहिले ते हेच, फक्त साठ वर्षे उशिरा.

असे का व्हावे? पुढे 1971 ते 1975 या वर्षांत सारा हर्डी नावाच्या अमेरिकन विदुषी राजस्थानात माउंट अबूला वानरांचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी मांडलेला हिशेब असा. मादी पिल्लाला पाजत असते तोवर तिला पुन्हा गर्भ राहत नाही, आणि पाजणे वर्षभर तरी चालते. वानराचा गर्भकाळ साडेसहा-सात महिन्यांचा. इकडे नराची टोळीवरची मुदत सरासरी दोन-सव्वादोन वर्षांच्या आसपास. पुढच्या नराने येऊन त्यालाही हुसकावायच्या आत त्याची पिल्ले जन्मून मोठी व्हायला हवीत. आधीच्या नराचे अंगावरचे पिल्लू गेले की मादी लवकर पुन्हा गाभण राहते. नर काही बोटे मोजून हे ठरवत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या नरांनी असे केले त्यांची संतती अधिक उरली, आणि ती खोड पुढे चालत आली.

हे म्हणणे सर्वांनी लगेच मान्य केले असे समजू नका. भारतातच वानरांचा अभ्यास केलेल्या फिलिस डोलहिनो या दुसऱ्या विदुषीचे मत असे होते की वानरांचा स्वभाव मुळात शांत असतो. दाटी झाली, माणसांनी त्यांचे जगणे विस्कटले, की असे विपरीत प्रकार होतात. वाद वर्षानुवर्षे चालला. मग नेपाळातील रामनगरच्या जंगलात वानरांच्या विष्ठेतून डीएनए तपासण्यात आला, आणि 1999 साली निष्कर्ष आला की हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डीबाईंच्या हिशेबाला त्यामुळे बळकटी मिळाली. विद्यार्थी मित्रांनो, शास्त्र कसे चालते ते येथे पाहा. पाहणे, मांडणे, भांडणे, आणि मग पुरावा आणून निकाल लावणे. मी वर्गात "पिसाळलं असेल" म्हणालो, त्यात यांपैकी एकही पायरी नव्हती.

आता दुसरी बाजू. या कथेत माद्या नुसत्या मार खाणाऱ्या नाहीत. हर्डीबाईंनी पाहिले की टोळीतील म्हाताऱ्या माद्या, ज्यांना स्वतःचे पिल्लू नाही, त्याच नरावर धावून जाण्यात सर्वांत पुढे असत. काही माद्या पिल्लाला घेऊन टोळीपासून दूर राहत. काही माद्या एकाहून अधिक नरांशी संग करीत, त्यामुळे पिल्लू कोणाचे हे कोणत्याच नराला उमगत नसे. जन्मलेले पिल्लू काळसर असते, आणि पहिल्याच दिवसापासून मावश्या-आत्या ते हातोहात घेतात, आई तेवढ्यात चार पाने खाऊन घेते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की हुप्प्या बदलतो, माद्या बदलत नाहीत. आजी, आई, मुलगी, नात अशा त्या आयुष्यभर त्याच टोळीत, त्याच झाडांत राहतात. कोणत्या महिन्यात कोणत्या उंबराला फळ येते, पाणी कोठे उरते, ही माहिती त्यांच्याकडे. आपण ज्याला राजा म्हणतो तो दोन वर्षांचा पाहुणा. टोळी खरी माद्यांची.

टोपी माकडाची रीत निराळी. तेथे एका टोळीत प्रौढ नर अनेक असतात. 1960 नंतरच्या दशकात बंगलोर परिसरात रहमान आणि पार्थसारथी या दोन अभ्यासकांनी टोपी माकडांचे समाजजीवन टिपले आणि त्यांचा निबंध 1969 साली प्रसिद्ध झाला. या माकडांतील मोठे नर एकमेकांना मिठी मारून बसतात, एकमेकांच्या अंगातील उवा-कचरा वेचतात, पोरांसारखे खेळतातही. त्यांच्यात मान-पायरी असते, पण वानरांच्या मानाने खुनशीपणा पुष्कळ कमी. पिल्ले बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात. नर वयात आला की सहसा जन्माची टोळी सोडतो आणि मादी तेथेच राहते. मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो. गंमत अशी की बबूनांत आणि माकडांच्या अनेक जातींत धाकटी बहीण थोरल्या बहिणीच्या वर चढते, कारण आई तिची बाजू घेते. हे मी वर्गात सांगितले तेव्हा थोरल्या बहिणींनी फार मोठा उसासा टाकला होता.

आता बबून म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काही घरांत ते पाहिलेले आहेत. हज-उमऱ्याला जाऊन आलेले आपले वडीलधारे मक्केहून ताइफला गेले असतील तर अल-हदाच्या घाटात रस्त्याच्या कठड्यावर बसलेली कुत्र्यासारख्या लांब तोंडाची माकडे त्यांनी पाहिली असतील. नराच्या खांद्यावर रुपेरी केसांची झूल असते. हेच ते हमाद्र्या जातीचे बबून. हान्स कुमर या स्विस शास्त्रज्ञाने इथिओपियात त्यांचा अभ्यास केला. एका नराभोवती काही माद्या, अशी दोन-चार कुटुंबे मिळून एक भावकी, भावक्या मिळून जमाव, आणि रात्री कड्यावर झोपायला शेकडो एकत्र. मादी दूर गेली की नर तिची मान चावून तिला परत आणतो. उलट पूर्व आफ्रिकेच्या गवताळ रानातील बबूनांत टोपी माकडांसारखे नर अनेक, आणि माद्यांचे घराणे कायम.

या हमाद्र्या बबूनांनी एका मोठ्या शास्त्रज्ञाला फसविले, ती हकीकत फार बोधप्रद आहे. 1925 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका कृत्रिम टेकडीवर सुमारे शंभर बबून सोडले. जवळजवळ सगळे नर. माद्या मोजक्याच, त्याही चुकून आलेल्या. पुढे 1927 साली आणखी तीस माद्या सोडल्या. नरांनी त्यांच्यासाठी एवढी मारामारी केली की बहुतेक माद्या जिवानिशी गेल्या. सॉली झुकरमन यांनी त्यावरून 1932 साली ग्रंथ लिहिला, आणि माकडांचा समाज केवळ कामवासनेने आणि नरांच्या दांडगाईने बांधलेला असतो अशी समजूत पुष्कळ वर्षे रूढ झाली. कोणी विचारले नाही की अनोळखी नरांना एका आवारात कोंडून मूठभर माद्या मध्ये सोडल्या तर दुसरे काय होणार? कोंडलेल्यांकडे पाहून मोकळ्यांचा स्वभाव ठरविला गेला.

मोकळ्या रानातील चित्र समोर आणण्यात जीन आल्टमन यांचा वाटा फार मोठा आहे. केनियातील अंबोसेली येथे 1971 पासून बबूनांच्या पिढ्यांमागून पिढ्यांची नोंद ठेवली गेली आहे. पूर्वीचे निरीक्षक जो मोठा, जो ओरडतो, जो मारतो, त्याच्याकडेच पाहत असत. आल्टमनबाईंनी नियम घालून दिला की टोळीतील प्रत्येकाला ठरावीक वेळ सारखाच द्यायचा, गप्प बसलेल्या आईलाही. मग दिसले की दिवसाचे खरे काम ती आईच करते. चरणे, चालणे, पिल्लाला पाठीवर वाहणे, सगळे एकाच वेळी. तेथील नोंदींवरूनच 2003 साली सिद्ध झाले की ज्या मादीचे इतरांशी मैत्रीचे संबंध अधिक, तिची पिल्ले अधिक जगतात. त्याच वर्षी हेही दिसून आले की नर भांडणात आपल्या स्वतःच्या पिल्लांची बाजू अधिक घेतात. म्हणजे नर हा निव्वळ गुंड, ही समजूतही पुरती खरी नव्हती.

कोणी म्हणेल, हे सगळे जपान, अमेरिका, आफ्रिकेचे झाले. आपले काय? आपले डॉ. सलीम अली आहेत. 1896 साली मुंबईत जन्मलेले आणि लहानपणीच आईबापांवेगळे झालेले सलीम अली 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहत होते. हाताला धड नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती, तिच्याकडे ते तासन्‌तास पाहत बसत. त्यांनी शोधून काढले की घरटे नर बांधतो, पण अर्धेच. मग माद्या येऊन ते तपासतात. पसंत पडले तर मादी आत राहते आणि नर ते पुरे करतो. लगेच तो दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधू लागतो. नर-मादीच्या संबंधांवरील हा शोध कोकणातल्या एका झाडाखाली, नुसते डोळे आणि वही यांच्या बळावर लागला. किहीममध्ये जमते ते डहाणूत का जमू नये?

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. नर-मादीच्या गोष्टी मुलांपुढे कराव्यात का? माझे नम्र मत असे की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर वड आहे, वाडी आहे, घरी शेळ्या-कोंबड्या आहेत. ती पाहणारच. प्रश्न एवढाच की त्यांना नीट शब्दांत, मर्यादेने कोणी सांगणार की ती कुजबुजीतून शिकणार? आणि एक गोष्ट मी वर्गात दर वेळी बजावतो. माकडांचे नियम माकडांपुरते. वानरात एक नर असतो, टोपी माकडात अनेक, आसामच्या हुलॉक गिबनात नर-मादीची जोडी, तर चिंपांझीत मुलगे घरी राहतात आणि मुली बाहेर जातात. यांपैकी कोणता दाखला माणसाला लावणार? ज्याला जे हवे ते त्याने उचलावे, इतकी विविधता आहे. माणसाने कसे वागावे हे ठरवायला त्याला विवेक दिलेला आहे. माकडाकडून चालीरीती घ्यायच्या नाहीत. नीट पाहावे कसे, तेवढे माकडांना पाहता पाहता शिकावे.

जाता जाता वाडीवाल्यांना आणि प्रवाशांना एक विनंती. महामार्गावर गाडी थांबवून माकडांना बिस्किटे, केळी टाकू नका. रानात खाणे विखुरलेले असते, त्यामुळे प्रत्येकाला थोडे थोडे मिळते. एकाच जागी ढीग पडला की भांडणे वाढतात, बलवान खातो, पिल्लेवाली उपाशी राहते, आणि गाडीखाली येणारी बहुधा तीच. माणसाच्या हातातले खाण्याची सवय लागलेले माकड उद्या तुमच्या स्वयंपाकघरात शिरते. मग आपणच गलोल घेऊन उठतो. वानर आणि टोपी माकड दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्रास होत असेल तर वनखात्याला कळवावे. पकडून दुसऱ्या रानात सोडणे हाही उपाय नव्हे, कारण तेथे आधीच कोणाची तरी टोळी नांदत असते.

शेवटी त्या मुलीबद्दल. पुढच्या आठवड्यात मी वर्गासमोर माझे उत्तर चुकले असे कबूल केले आणि वाचलेले सर्व सांगितले. मेलेले पिल्लू आई का टाकत नाही, या प्रश्नावर मात्र मी म्हणालो, "बाळ, पुष्कळ जातींच्या आया असे करतात हे लोकांनी लिहून ठेवले आहे. तिच्या मनात काय असते ते अजून कोणाला खात्रीने सांगता आलेले नाही." ती म्हणाली, "मग मी बघू का?" दुसऱ्या दिवसापासून तिने एक दोनशे पानी वही घातली. मधल्या सुट्टीत अर्धा तास, प्रत्येक वानराला सारखा वेळ. तुटक्या कानाची, पांढऱ्या भुवईची, लंगडी, अशी नावे दिली. दीड वर्षात वही भरली. त्यानंतर त्या टोळीत चार पिल्ले जन्मली, त्यांच्या तारखा तिच्याकडे आहेत. माझ्याकडे नाहीत, शाळेकडे नाहीत, तिच्याकडे आहेत.

ती यंदा दहावी पास झाली. अकरावी विज्ञानाला जायचे तर रोजचा लांबचा प्रवास आहे, खर्च आहे, आणि घरात विचार चालू आहे की मुलीचे आता एवढे शिक्षण पुरे. तिचे अब्बा या सभेत बसलेले आहेत, म्हणून मी नाव घेत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. मी शिक्षक आहे, मला घरखर्च कळतो. मी त्यांना एवढेच सांगतो की प्रवासाची सोबत कशी होईल आणि फी कशी भरता येईल, यासाठी आम्ही दोन-तीन शिक्षक आणि संस्थेचे काही सदस्य उद्याच तुमच्या घरी येऊ. चहा तुमचा, बोलणे आमचे. त्या वहीवर पहिला हक्क तिचा आहे, पण ती वही वाचायची गरज आपल्या सर्वांना आहे.

टोळीत जो सर्वांत मोठ्याने हुप्प करतो त्याच्याकडेच आपण पाहत राहिलो, तर टोळी कोण चालवते ते कधी कळत नाही. वर्गातही तसेच आहे. माझ्या वर्गात एक मुलगी मागच्या बाकावर बसून पाहत होती, आणि मी तिला जवळजवळ गप्प बसवले होते. आपल्या घरात असे कोणी बसलेले असेल तर आज घरी गेल्यावर त्याला किंवा तिला विचारा, "काय पाहिलंस?"